बंद घराचा पंचनामा

मुलांनो, एक घर मनात आणा पाहू. घाई नको, सावकाश आणा. लाल विटांचं, दोन मजली, वर काळ्या कौलांचं उतरतं छप्पर. खिडक्यांवरच्या पट्ट्या पार खालपर्यंत ओढलेल्या, त्यामुळे घर डोळे मिटून बसल्यासारखं वाटतं. पन्हळीत एक रोपटं उगवलंय. भिंतीवर चढलेल्या वेलानं दारावरची घंटा झाकून टाकली आहे. मागे बाग आहे. बाग म्हणायचं ते तिच्या जुन्या नावाचा मान ठेवून. गुडघाभर गवत, आणि त्याच्यावर चार वर्षांचा पाला, थरावर थर. आता त्या बागेत एक आजी उभी करा. सुती साडी, वर मुलाचं जुनं जाकीट, पायात सुनेचे रबरी बूट, हातात दाताळं. शेजारी आठ वर्षांची नात, आपल्याहून उंच झाडू धरून. दोघींच्या मधे पाल्याचा ढीग आणि ढिगातून सरळ वर जाणारा धूर. आणलंत? मग आता कुंपणावरून एक भलामोठा हात येऊ द्या. त्या हातात जस्ताची झारी आहे. ती झारी कलंडू द्या. चर्रर्र!

त्या आवाजानं प्रभाआजी इतक्या दचकल्या की हातातलं दाताळं त्यांच्याच बुटावर पडलं. पांढरी वाफ तोंडावर आली, ओल्या राखेचा वास नाकात गेला, आणि त्या वासासरशी त्यांना आपलं गावाकडचं मागचं अंगण आठवलं. दर थंडीत संध्याकाळी पाच वाजता त्या अंगणात पाला पेटवायच्या. शेजारीपाजारी पेटवायचे. हातपाय शेकत गप्पा व्हायच्या, कुणी रताळी घालायचं निखाऱ्यात. आजसुद्धा जाकिटाच्या खिशात त्यांनी दोन बटाटे आणले होते, नातीला भाजून द्यावेत म्हणून. वाफ विरली तेव्हा कुंपणापलीकडे पांढऱ्या भुवयांचा शेजारचा उंच म्हातारा दिसला. तो रागावलेला नव्हता. तो नुसता मान हलवत होता, वर्गातल्या हुशार मुलाचं गणित चुकलं की मास्तर हलवतात तशी. तो काहीतरी म्हणाला, हळू आणि लांबलचक. प्रभाआजींनी नातीकडे पाहिलं. अश्लेषाचे कान लाल झाले होते.

"दास डार्फ मान निष्ट, आजी," ती म्हणाली.

एवढं जर्मन दोन महिन्यांत प्रभाआजींना कळू लागलं होतं. हे करायचं नसतं. या देशात आल्यापासून हेच वाक्य त्यांनी सर्वांत जास्त वेळा ऐकलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडायचंही. ज्या बाईनं एकतीस वर्षं नगरपालिकेच्या घरपट्टी विभागात काढली, तिला नियम म्हणजे परका पाहुणा वाटत नाही. पण आज नियम समोरच्या बाजूला उभा होता आणि त्या स्वतः काळ्या ओल्या डागाच्या कडेला, खिशात बटाटे घेऊन. अशा जागी त्या पूर्वी कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. परवा सोमवारी गावच्या कचेरीतली बाई घर बघायला येणार होती, हे त्यांना त्याच क्षणी आठवलं.

या घराची गोष्ट त्यांना पहिल्या आठवड्यातच कळली होती. त्यांचा मुलगा जयंत जर्मनीत आखनला गाड्यांच्या इंजिनांची चाचणी करणाऱ्या कंपनीत होता, सून सुरुची तिथल्याच विद्यापीठात संशोधन करत होती. तिघं अडीच खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचे. अर्धी खोली अश्लेषाची, आणि आता तीत आजीची गादी. मग आखनजवळच्या या छोट्या गावातलं हे घर निघालं. मूळ मालकाचा धंदा बुडाला, लिलावात घर बँकेकडे आलं, आणि बँकेनं ते फायलीत ठेवून दिलं. फायलीला पाला पडत नाही, घराला पडतो. छपराची कौलं पदपथावर पडू लागली. बर्फ कुणी काढेना. कुंपणाची झाडी रस्त्यावर आली. गावच्या कचेरीनं बँकेला पत्र पाठवलं: दुरुस्त करा, नाहीतर दंड. बँक गप्प. दुसरं पत्र, दुसरा दंड. शेवटी कचेरीनं स्वतःची माणसं पाठवून कौलं बसवून घेतली आणि तोही खर्च वर चढवला. मिळून अकरा हजार युरोंच्या वर गेलं. आता बँक घर स्वस्तात द्यायला तयार होती, पण करारात एक वाक्य होतं: गावचं जे काही देणं असेल ते घेणाऱ्यानं सोसायचं. तेवढं सोसायची जयंताची ताकद नव्हती. कर्ज देणाऱ्यांनी हिशेब मांडून सांगितलं होतं की गावचं देणं चार हजारांच्या आत आलं तर घर तुमचं, नाहीतर नाही. आणि कचेरीनं कळवलं होतं की आधी घर नीट करा, मग आमचं माणूस डोळ्यांनी बघेल आणि दंड कमी करायचा का ते ठरवेल.

"म्हणजे शास्ती माफी," हे ऐकताच प्रभाआजी म्हणाल्या होत्या.

"काय माफी?" जयंतानं विचारलं.

"अरे, कराबरोबर जो दंड चढतो ना, त्याला आम्ही शास्ती म्हणायचो. माझ्या टेबलावर तेवढंच असायचं. अर्ज यायचा, मी जागेवर जायची, पंचनामा करायची."

"आई, मग तूच जा त्या बाईकडे. मी ऑफिसला जातो," जयंत हसून म्हणाला होता.

तो थट्टा करत होता, पण त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बायकोच्या, आईच्या, सासूच्या हातांनी केलेली कामं लोकांना दिसत होती. टेबलावरच्या कामाबद्दल घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. नात मात्र विचारू लागली. पंचनामा म्हणजे काय, हे तिला जर्मनमध्ये विचारायचं होतं आणि आजीला मराठीत सांगायचं होतं, आणि दोघींचं बरोबर जमत होतं. बँकेनं साफसफाईसाठी किल्ली दिल्यापासून दर शनिवारी आईबाप भिंती खरवडत आणि या दोघी बागेत बसून एका चौकटीच्या वहीत घराचा पंचनामा लिहीत. आजी सांगे, "आधी चतुःसीमा. घराच्या चारी बाजूंना काय आहे ते. पूर्वेस?" अश्लेषा होकायंत्र घेऊन फिरे आणि ओरडे, "हेर श्मेट्झ!" पूर्वेस श्री. श्मेट्झ यांचे घर, असं आजी लिहीत. पश्चिमेस सायकलींचा रस्ता. उत्तरेस गल्ली. दक्षिणेस मक्याचे शेत, त्यापलीकडे डोंगराएवढा काळा ढीग. तो कोळशाच्या जुन्या खाणीचा होता. झारीवाल्या श्मेट्झ आजोबांनी तिथं बत्तीस वर्षं काम केलं होतं, हे अश्लेषानंच कुंपणावरून विचारून आणलं होतं. मधल्या पानावर तिनं नकाशा काढला होता. मग दोन पंच. पंच म्हणजे साक्षीदार, ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते. आणि शेवटी सह्या.

"आणि ज्याला लिहिता येत नाही त्यानं?" हे अश्लेषानं जर्मनमध्ये विचारलं.

"त्यानं अंगठा लावायचा. शाईत बुडवायचा आणि असा दाबायचा." आजीनं तिचा अंगठा धरून वहीवर दाबून दाखवला. पोरगी खिदळली. लिहिता न येणारा मोठा माणूस तिला फार मजेशीर वाटला.

या सगळ्यात प्रभाआजी इतक्या खूश होत्या की त्यांना स्वतःलाच नवल वाटायचं. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली होती, निवृत्त होऊन आठ. इथल्या उन्हाची तिरीप, वहीची चौकट, शेजारी नातीचा गरम खांदा. सुख म्हणजे बहुधा हेच असतं, दुसऱ्याला उपयोगी पडेल असं काहीतरी आपल्याला येत असणं. आणि मग त्याच सुखाच्या भरात त्यांनी काडी ओढली होती.

जयंत आणि सुरुची रंगाचे डबे घेऊन परत आले तेव्हा काळा डाग परसाच्या ऐन मध्यावर होता, घमेल्याएवढा.

"आई गं," जयंत म्हणाला. डबा तसाच हातात. "अगं आई, इथे पाला जाळत नाहीत. तपकिरी डब्यात टाकतात, कचऱ्याची गाडी नेते. आणि आजच? सोमवारी ती बाई यायचीय!"

"मला काय माहीत रे. वाळका पाला दिसला..."

"तुला माहीत नाही? एकतीस वर्षं दंड लावणाऱ्या बाईला?"

"अहो, पुरे हं," सुरुची म्हणाली. "आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी पहिल्या वर्षी रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला गेले होते. एका बाईनं खिडकीतून असं काही झापलं मला! पंधरा दिवस मी त्या डब्याच्या रस्त्यानं गेले नाही."

"ते वेगळं," जयंत म्हणाला. "बाटल्यांचा दंड कुणी घरावर चढवत नाही. बरं, असं करू. सोमवारी सकाळी त्यावर पाला पसरून टाकू. बागेत पाला असणारच, ऑक्टोबर आहे. श्मेट्झ काही बोलायचे नाहीत."

अश्लेषा वही छातीशी धरून उभी होती. प्रभाआजींनी खिशातले बटाटे चाचपले. ते गार होते.

रविवारी सकाळी त्या पोह्यांसाठी कांदा चिरत होत्या. अश्लेषा टेबलाशी वही उघडून बसली होती. नकाशातल्या मागच्या बागेवर तिनं पेन्सिल टेकवली होती, पण काढत काहीच नव्हती. "श्टेट दास आउख द्रिन, आजी?" तिनं वर न बघता विचारलं. तेही यात येतं का? प्रभाआजींचा हात थांबला. कांद्यानं डोळ्यात पाणी आलं हे बरं झालं. कारण त्या क्षणी त्या या स्वयंपाकघरात नव्हत्याच. त्या तांबट आळीत होत्या, साल बहुधा त्र्याऐंशी, कडक उन्हाळा, साडीचा पदर घामानं पाठीला चिकटलेला. दत्तात्रय तांबट नावाच्या एका माणसाचा शास्ती माफीचा अर्ज होता. अट एकच: घरात बिनपरवाना बांधकाम नको. सरळ साधा माणूस, भांड्यांना कल्हई लावणारा, बोटं काळी. त्यानं घर दाखवलं, एकेक खोली, आणि मागच्या दारात आला तेव्हा जरा आडवा उभा राहिला. तिथं एक गोणपाट लटकत होतं. तेवढ्यात त्याची मुलगी, यमुना, सहा-सात वर्षांची, पुढे धावली आणि तिनं गोणपाट बाजूला ओढलं. "बाई, आमची नवी न्हाणी बघा!" नव्या विटा, ओला गिलावा. किती हौसेनं म्हणाली होती ती! मग तिनं बापाकडे पाहिलं. बापानं मारलं नाही, ओरडला नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला. पोरीची मूठ गोणपाटावर तशीच घट्ट राहिली, सोडावं की धरावं हे न कळून. प्रभाबाईंनी पाहिलं ते लिहिलं. लिहायलाच हवं होतं. अर्ज नामंजूर झाला.

त्यांना खुपत होतं ते लिहिलेलं नव्हे, न लिहिलेलं. पंचनाम्याच्या कागदावर शेवटी एक रकाना असतो, शेरा. तिथं आपल्याला वाटेल ते, पाहिलेलं, ऐकलेलं, समजलेलं लिहिता येतं. आतल्या खोलीत खाटेवर त्या माणसाची बायको होती, तिला उठून चार पावलं चालणंही अवघड होतं, आणि न्हाणी तिच्यासाठी होती. हे बाईंनी पाहिलं होतं. ऊन होतं, पुढे आणखी तीन घरं व्हायची होती. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी एक आडवी रेघ ओढली. बावीस वर्षं ती रेघ त्यांच्या मनात कुठेतरी सरळ पडून होती, आणि आज एका मुलीनं तिच्यावर पेन्सिल टेकवली होती. जयंत उद्या पाला पसरणार. म्हणजे तेही एक गोणपाटच. आणि ही पोरगी त्याच्याशेजारी उभी राहणार, मूठ आवळून. धरावं की सोडावं?

"आजी?"

"येतं," प्रभाआजी म्हणाल्या. "सगळं येतं. पण त्याच्यापुढे शेराही येतो. शेरा कधी रिकामा सोडायचा नाही."

"शेरा वास इस्ट?"

मग पोहे होईपर्यंत त्यांनी तिला शेरा म्हणजे काय ते समजावलं. काय झालं ते वरती लिहायचं. का झालं, कसं झालं, ते शेऱ्यात. तांबट आळीचंही सांगितलं, अगदी रेघेपर्यंत. शाळेत गोष्ट सांगतात तसं नाही. चुकलं म्हणून सांगतात तसं. अश्लेषा ऐकत राहिली. शेवटी तिनं एकच विचारलं: त्या मुलीचं पुढे काय झालं? प्रभाआजींना माहीत नव्हतं, आणि तसं त्यांनी सांगितलं. मग अश्लेषा सांगत गेली आणि, तिला मराठी लिहिता येत नव्हतं म्हणून, काळ्या डागाचा शेरा आजीनं वहीत लिहिला.

सोमवारी शाळेला शरदाची सुट्टी होती. आकाश स्वच्छ, हवेत ओल्या मक्याचा वास. जयंतानं रजा काढली होती. सकाळी आल्या आल्या त्यानं काळ्या डागावर पाला पसरला होता, आणि इतका नीट पसरला होता की तेवढीच जागा बागेत झाडून काढल्यासारखी दिसत होती. कचेरीतल्या बाईंचं नाव फ्राऊ ड्रेसेन. पन्नाशीच्या, आखूड केस, सायकलीवरून आल्या, पँटच्या पायाला चिमटा. तो काढायचा राहिला आणि तसाच घेऊन त्या घरभर फिरल्या. प्रभाआजी चार पावलं मागे. या बाईचं सगळं त्यांना कळत होतं, भाषा सोडून. छपराकडे आधी लांबून बघणं, मग जवळून. पदपथावरची एक फरशी बुटाच्या टाचेनं दाबून पाहणं. झाडीला हात लावून कुठे कापलीय ते बघणं. घरवाले बोलत असताना त्यांच्या तोंडाकडे न बघता भिंतीकडे बघणं. आपणही असंच करायचो, असं मनात येऊन त्यांना त्या अनोळखी बाईबद्दल एकदम माया वाटली. बाईंच्या हातात फळीला लावलेला कागद होता, रकान्यारकान्यांचा. त्या खुणा करत होत्या. जयंत अदबीनं दाखवत होता, सुरुची मधून मधून मदत करत होती. मागच्या बागेत आल्यावर फ्राऊ ड्रेसेन थांबल्या, सगळीकडे एकदा पाहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि काहीतरी विचारलं. आणखी काही आहे का, एवढंच असावं.

जयंतानं मान हलवली. नाही.

अश्लेषाची मूठ वहीवर आवळली. प्रभाआजींनी ती मूठ पाहिली. तेवढंच पाहिलं. मग त्यांनी भिंतीला टेकवलेला झाडू उचलला आणि बागेच्या मधोमध जाऊन झाडू लागल्या. तीन फटके, चार. पाला बाजूला झाला आणि काळं वर्तुळ उघडं पडलं.

"आई!" जयंत म्हणाला.

"थांब रे जयंता. अश्लेषा, इकडे ये. सांग बाईंना, हे मी जाळलं. शनिवारी."

अश्लेषा पुढे आली. आणि बोलू लागली. प्रभाआजींनी सांगितलं होतं ते एकच वाक्य होतं, पण पोरगी थांबेचना. हात वर गेला, खाली आला. 'ओमा', म्हणजे आजी, ऐकू आलं, 'इंडियन' ऐकू आलं, मग तिनं आजीच्या जाकिटाच्या खिशाकडे बोट दाखवलं आणि 'कार्टोफेल्न' म्हणाली. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून झाडूकडे बोट केलं. कुंपणावरून श्मेट्झ आजोबांचं डोकं वर आलं. त्यांनीही झारी उंच करून काहीतरी एक वाक्य टाकलं, आणि फ्राऊ ड्रेसेन हसायचं नाही असं ठरवून उभ्या राहिल्या.

"अगं, मी एवढंच सांगितलं होतं," प्रभाआजी हळूच म्हणाल्या. "तू काय काय सांगितलंस?"

"शेरा," अश्लेषा म्हणाली.

फ्राऊ ड्रेसेननी पेनाचं टोपण काढलं. कागदाच्या तळाशी एक मोठा मोकळा रकाना होता; प्रभाआजींनी तो आधीच पाहून ठेवला होता. बाई उभ्या उभ्या लिहू लागल्या. एक ओळ, दोन ओळी, मग कागद फिरवून चढत्या ओळीत आणखी थोडं. झाडावरून एक पान खाली यायला लागतो तेवढा वेळ गेला असेल, पण जयंताचा चेहरा बघवत नव्हता. मग बाई बोलल्या, सावकाश, आणि अधूनमधून प्रभाआजींकडे बघत. सुरुची कानाशी सांगत होती. "आई, त्या म्हणतात, जाळायचं नाही, पुन्हा दिसलं तर दंड होईल, आजचं तोंडी सांगून सोडते... आणि म्हणतात, आधीचे सगळे दंड बँकेनं हातपाय हलवावेत म्हणून होते. बँकेनं हलवले नाहीत, या लोकांनी हलवले. ते दंड रद्द करावेत असं मी लिहिलंय. फक्त कौलांचा खर्च राहील. पत्र दोन आठवड्यांत येईल. आणि आई, त्या म्हणतात, जे आपण होऊन दाखवतात त्यांचं बाकीचं मला परत तपासावं लागत नाही."

"कौलांचे किती?" प्रभाआजींनी विचारलं. जुनी सवय.

"तीन हजार चारशे," जयंत म्हणाला. तो बागेतल्या उलट्या बादलीवर बसला होता. "आई, तू ना..." प्रभाआजींनी खिशातला एक बटाटा काढून त्याच्या हातात ठेवला.

फ्राऊ ड्रेसेन निघाल्या, पण त्यांना जाता येईना, कारण अश्लेषा वही उघडून त्यांच्या वाटेत उभी होती. पंचनाम्याला दोन पंच लागतात, असं ती त्यांना समजावत होती. पहिली सही श्मेट्झ आजोबांनी कुंपणावरूनच केली, जाड, खाणीतल्या माणसाची सही. दुसरी बाईंनी केली. सही करण्याआधी त्यांनी मराठी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि नकाशा नीट बघून घेतला, जसा बघायला हवा तसा. मग सायकल काढली, आणि चिमटा पायालाच होता हे बघून स्वतःशीच हसल्या.

आता एकच सही उरली होती, पंचनामा करणाऱ्या अश्लेषाची. प्रभाआजींनी पेन पुढे केलं. अश्लेषानं पानाकडे पाहिलं. सगळं मराठीत, आजीच्या गोल अक्षरात. तिनं पेन घेतलं नाही. ती काळ्या वर्तुळाशी गेली, उकिडवी बसली, ओल्या राखेत अंगठा घोळवला, परत आली, आणि शेऱ्याच्या शेवटच्या ओळीखाली तो जोरात दाबून धरला.